गावाचा ठराव आणि माणसाचा हक्क

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये एक ठराव केला. नवरा वारला की बाईचे कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचे, पायातली जोडवी काढून घ्यायची, हे यापुढे गावात चालणार नाही. बातमी राज्यभर पोचली. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढले आणि बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा, असे कळवले.

दोन वर्षांनी, 2024 च्या पावसाळ्यात, याच जिल्ह्यातला दुसरा एक ठराव गाजला. करवीर तालुक्यातल्या शिंगणापूर ग्रामपंचायतीचा तो ठराव होता. नवीन मतदारांची नोंदणी होईल तेव्हा मुस्लिमांची नावे यादीत घेऊ नयेत, असा त्याचा आशय होता. गदारोळ झाला, सरपंचांनी दिलगिरी व्यक्त केली आणि विषय बातम्यांतून उतरला. आमच्या मनातून मात्र तो उतरलेला नाही. मतदार यादी ठरवण्याचा अधिकार कोणत्याही ग्रामपंचायतीला नाही, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. तरीही असा मजकूर इतिवृत्तात लिहिला जातो, त्यावर सही-शिक्का होतो आणि त्या वेळी ‘हे आपल्याला करता येत नाही’ असे म्हणणारा आवाज ऐकू येत नाही. आम्हाला खरी भीती वाटते ती त्या शांततेची.

‘गावाने ठरवले’ या तीन अक्षरी-चार अक्षरी शब्दांत केवढे बळ आहे, हे ग्रामीण भागात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. दोन्ही ठरावांमागे बळ तेच होते. हेरवाडने ते आपल्यातल्या सर्वांत एकट्या पडलेल्या बाईच्या पाठीशी उभे केले. दुसऱ्या ठरावाने ते शेजाऱ्याला नागरिक म्हणून मोजायचेच नाही यासाठी वापरले. गेल्या काही वर्षांत कोल्हापूर जिल्हा पहिल्या वाटेवरून दुसऱ्या वाटेला लागतो आहे, आणि तेही समाजाच्या, अस्मितेच्या, एकीच्या नावाने. आज हे स्पष्टपणे बोलले नाही तर उद्या बोलायला उशीर झालेला असेल.

गावाच्या या बळाकडे पाहायला राज्यशास्त्रातली ‘समुदायवाद’ नावाची एक विचारधारा उपयोगी पडते. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये न्यायाचा जो सिद्धांत मांडला, त्यात केंद्रस्थानी होती ती स्वतंत्र व्यक्ती. आपला धर्म, आपले घराणे, आपली श्रीमंती-गरिबी बाजूला ठेवून समाजाचे नियम काय असावेत हे ठरवणारी. पुढच्या दशकात त्याला उत्तरे आली. अलास्डेर मॅकिन्टायर यांचे पुस्तक 1981 मध्ये आले, मायकेल सँडेल यांचे 1982 मध्ये, मायकेल वॉल्झर यांचे 1983 मध्ये. चार्ल्स टेलर हे आणखी एक मोठे नाव. स्वतःला समुदायवादी म्हणवून घेणे यांतल्या सगळ्यांना आवडत होते असे नाही. तरी म्हणणे साधारण एकाच दिशेचे होते. माणूस आधी एकटा घडतो आणि मग सोयीने समाजात शिरतो, हे खरे नाही. भाषा, नाती, श्रद्धा, चांगल्या-वाइटाची समज हे सारे त्याला समुदायाकडून मिळते, म्हणून समुदायाचे देणेही त्याच्यावर असते. नुसत्या हक्कांवर समाज उभा राहत नाही, एकमेकांबद्दलची जबाबदारीही लागते.

कोल्हापूरच्या माणसाला हे पटवून द्यायला पुस्तकाची गरज नाही. नवा माणूस भेटला की इथे पहिला प्रश्न असतो, कुठल्या पेठेतला आणि कुठल्या तालमीचा. तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा आखाडा नव्हे. तीच गणपती बसवते, तीच फुटबॉलचा संघ उतरवते, कुणाच्या घरी मयत झाली तर तिथलीच पोरे धावतात आणि महापुरात तीच दोर-काहिली घेऊन पाण्यात उतरतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 55 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी आहे 43 फूट. त्या दिवसांत मठांत, मंगल कार्यालयांत, मशिदींत जेवणाच्या पंगती बसल्या आणि पाहुण्याची जात कुणी विचारली नाही. शहरातल्या टोलविरोधी लढ्यातही हेच बळ होते. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागे सगळ्या पेठा, सगळे पक्ष, रिक्षावाले, व्यापारी, वकील उभे राहिले आणि डिसेंबर 2015 मध्ये सरकारला टोल रद्द करत असल्याचे जाहीर करावे लागले. पानसरे अण्णा तो दिवस पाहायला नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत, सकाळी फिरून येताना, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

बाबूजमाल तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही. 2018 पासून सलग काही वर्षे गणेशोत्सव आणि मोहरम एकाच वेळी आले, तेव्हा दोन्ही एका छताखाली मांडले गेले. कुरुंदवाडात मशिदींमध्ये गणपती बसतो. कोल्हापूरच्या कितीतरी हिंदू घरांत पंजाला नवस बोलायची चाल आहे. हे कुणी सलोखा समितीची बैठक घेऊन ठरवलेले नाही. एका गल्लीत राहणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे सण अंगावर घेतले, त्यातून हे उभे राहिले. समुदायवादी विचारवंत ज्याला सामायिक जीवन म्हणतात, त्याचे याहून चांगले उदाहरण त्यांना त्यांच्या विद्यापीठांच्या गावी मिळाले नसते.

इथवर सगळे गोड आहे, आणि बहुतेक भाषणे इथेच संपतात. पुढचे बोलायला हवे, कारण हाच समुदाय माणसाला पाणी नाकारतो, बहिष्कृत करतो, मुलीचे लग्न मोडतो. समुदाय चांगला की वाईट, असा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. तो कशासाठी वापरला जातो आणि त्याला नाही म्हणण्याची सोय आहे का, हे पाहावे लागते. त्यासाठी दसरा चौकात जाऊन उभे राहावे.

चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि आजूबाजूला जुन्या बोर्डिंगच्या इमारती. 1896 मध्ये महाराजांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले होते. अनुभव असा आला की ते नावालाच सर्वांचे राहिले; शिक्षणात पुढे असलेल्यांनीच ते भरले आणि बाकीच्यांना तिथे शिरकाव मिळेना. मग 1901 मध्ये मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झाले, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे लिंगायत, दैवज्ञ, नामदेव, पांचाळ, ख्रिस्ती, नाभिक अशी वीसेक वसतिगृहे एका संस्थानाच्या राजधानीत उभी राहिली. मुस्लिमांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. त्याआधी 26 जुलै 1902 च्या हुकमाने संस्थानच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या होत्या.

जातवार वसतिगृहांनी जातिभेद वाढेल, अशी टीका तेव्हाही झाली. टीका निराधार नव्हती आणि महाराजांनी ती कानाआड केली नाही. जातीच्या परिषदा, जातीची वसतिगृहे ही मागे पडलेल्याला उभे करण्यापुरती आहेत आणि अखेर जातच जायची आहे, ही त्यांची भूमिका होती. ती नुसती बोलण्यापुरती राहिली नाही. याच संस्थानात 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, 1918 मध्ये महार वतने गेली, 1919 मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने, कचेऱ्या इथे अस्पृश्यता पाळण्यास मनाई झाली, आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. थोडक्यात, महाराजांच्या लेखी जात हे मदत कुठे पोचवायची ते शोधण्याचे साधन होते. शिक्षा कुणाला करायची, मत कुणाचे गोळा करायचे, हे ठरवण्यासाठी त्यांनी ते वापरले नाही.

आणि समुदाय जेव्हा एका माणसाच्या अंगावर गेला तेव्हा महाराज कुणाच्या बाजूने उभे राहिले, तेही कोल्हापूरला ठाऊक आहे. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकर होते. वरच्या जातीच्या नोकरांसाठी असलेल्या हौदाला ते शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. बाहेरगावी गेलेले महाराज परतल्यावर गंगाराम यांनी पाठीवरचे वळ दाखवले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली, पण महाराज तिथे थांबले नाहीत. त्यांनी गंगाराम यांना पैसे दिले आणि भर वस्तीत, भाऊसिंगजी रस्त्यावर, चहाचे हॉटेल काढून दिले. महाराच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग महाराजांची गाडी त्या दारासमोर थांबू लागली. स्वतः चहा मागवायचा, सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांना पाजायचा, भर रस्त्यात, सगळ्या गावाच्या देखत. तो कप नाकारायची कुणाची छाती नव्हती. हौद कुणाचा हे ‘गावाने ठरवले’ होते. एका नोकराच्या सन्मानापुढे ते ठरवणे मोडीत निघाले.

याच जिल्ह्यातल्या माणगावात 21 आणि 22 मार्च 1920 रोजी परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि महाराजांनी तिथे जमलेल्या लोकांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. त्याच बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत संविधानाचा मसुदा मांडताना खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना परखड उत्तर दिले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे, जातीयवादाचे आगर, असे त्यांचे मत होते आणि मसुद्याने गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानला याचा त्यांना आनंद होता. पुढे ग्रामपंचायतींचे कलम संविधानात आले, ते योग्यच झाले. पण मूलभूत हक्क व्यक्तीच्या नावावर राहिले. गावाच्या, जातीच्या, जमातीच्या हातात ते दिले गेले नाहीत. त्याच संविधानात बंधुता हा शब्दही आहे, आणि बाबासाहेबांना ती जातीच्या आतली नको होती, जातींच्या आरपार जाणारी हवी होती. परदेशी समुदायवाद्यांना जे अर्धे सापडले, त्याचे उरलेले अर्धे इथे आहे: समुदाय हवा, पण एकट्या माणसाचा हक्क त्याच्या मेहरबानीवर असता कामा नये.

आता आजचे पाहू.

7 जून 2023 रोजी छत्रपती शिवाजी महाराज चौकात बंदची हाक देऊन जमाव जमला. कारण होते काही जणांनी मोबाईलवर ठेवलेले आक्षेपार्ह स्टेटस. ज्यांच्यावर आरोप होता त्यांत अल्पवयीन मुले होती आणि पोलिसांची कारवाई सुरू झालेली होती. तरी दगड पडले ते ज्यांचा त्या स्टेटसशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्या दारांवर, दुकानांवर. लाठीमार झाला, अश्रुधूर सोडावा लागला, इंटरनेट बंद झाले. 14 जुलै 2024 रोजी विशाळगडावरच्या अतिक्रमणांविरुद्ध निघालेला जमाव गडाखालच्या गजापुरात शिरला आणि घरे, वाहने, मशीद फोडली. अतिक्रमणाचा वाद गडावरचा होता, तो कायद्याने सोडवायचा होता. वार झाले ते पायथ्याच्या संसारांवर. ऑगस्ट 2025 मध्ये सिद्धार्थनगर परिसरात दोन गट भिडले, दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणारी माणसे होती ती.

या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत, सगळ्यांना एका दोरीत ओवण्याचा आमचा हेतू नाही. पण एक गोष्ट तिन्हींत आहे. एका माणसाने काही केले, किंवा केल्याचा संशय आला, की त्याची सगळी वस्ती, सगळी जात, सगळा धर्म गुन्हेगार धरला जातो. शाहू महाराजांनी समुदाय हे मदतीचे माप केले होते. आज ते दोषाचे माप होऊ लागले आहे. हा बदल लहान नाही. एकदा दोष वस्तीवर लावायची सवय लागली की कायद्याला काही काम उरत नाही, जमाव हेच न्यायालय होते. आज जमाव ज्यांच्या बाजूने आहे त्यांनी निश्चिंत राहू नये. उद्या तो उसाच्या दरावरून फिरेल, पाण्यावरून फिरेल, आरक्षणावरून फिरेल.

माणसे एकत्र यायची विसरली आहेत, असे मात्र नाही. नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जुलै 2025 मध्ये गुजरातेत वनतारा या प्राणी-संगोपन केंद्रात नेली गेली, तेव्हा 3 ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो माणसे चालत आली. जैन होते तसे मराठा, लिंगायत, दलित, मुस्लिमही होते. हत्तिणीचे हित कशात, यावर मते वेगळी असू शकतात. त्या पदयात्रेतला जिव्हाळा खरा होता. गजापुरातही मदत घेऊन गेलेली माणसे होती, शहरात सद्भावनेची फेरी निघाली, त्या कुणालाही आम्ही विसरत नाही. पण पदयात्रेतल्या गर्दीची आणि या गर्दीची तुलना होत नाही. ज्या जिल्ह्याला हत्तिणीसाठी एवढे चालता येते, त्याला जळालेल्या घराच्या दारात चार दिवस बसता यायला हवे होते.

राजकारणाने या घसरणीला हातभार लावला आहे, आणि त्यात कुणा एका पक्षाला वेगळे काढण्याची सोय नाही. विधानसभेच्या 2024 च्या निवडणुकीआधी राज्यात जातवार आर्थिक विकास महामंडळांच्या घोषणांचा धडाका लागला. प्रत्येक समाजाला एक महामंडळ, एक अध्यक्ष, एक पाटी. गरजू मुलांना शिष्यवृत्ती आणि कर्ज मिळाले तर कुणाची हरकत असेल? पण बोर्डिंग काढताना महाराजांनी आधी मुले मोजली होती, आणि आज आधी मते मोजली जातात. जातीला पाटी मिळते, तिच्यातल्या पोराला खोली, पुस्तक, जेवण मिळतेच असे नाही. दरम्यान, जातीच्या नावाने बोलणारे पुढारी तयार होतात आणि त्या जातीतल्या कुणी वेगळे मत मांडले की तो ‘समाजद्रोही’ ठरतो.

त्या आतल्या जाचाकडेही डोळेझाक नको. महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला आणि तो जुलै 2017 पासून लागू झाला. असा कायदा करणारे हे पहिले राज्य. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड. कंजारभाट समाजातल्या कौमार्य चाचणीविरुद्ध त्याच समाजातली शिकलेली तरुण मुले-मुली उभी राहिली, तीही समुदायाचीच लेकरे होती आणि समुदायावर त्यांचाही तेवढाच हक्क होता. मुंबई राज्याचा 1949 चा बहिष्कारविरोधी कायदा दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. तो निकाल फेरविचारासाठी फेब्रुवारी 2023 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. म्हणजे माणसाला आपल्या समुदायात राहून नाही म्हणता येते का, हा प्रश्न देशाच्या पातळीवरही अजून सुटलेला नाही. कोल्हापुरातल्या एखाद्या गावात आंतरजातीय लग्न करून परतलेल्या जोडप्याला किराणा बंद होतो, भावकीच्या कार्याचे आवतण येत नाही, तेव्हा तो प्रश्न रोजच्या जगण्याचा असतो. पानसरे अशा जोडप्यांच्या पाठीशी उभे राहत. आज या जोडप्यांनी कुणाचे दार ठोठावायचे?

म्हणून आमचे म्हणणे प्रशासनाला आधी आहे. ग्रामसभेचा ठराव संविधानाने दिलेला हक्क धर्माच्या वा जातीच्या आधारे काढून घेत असेल, तर त्यावर गदारोळ होईपर्यंत थांबायचे कारण नाही. इतिवृत्त पंचायत समितीत पोचते तिथेच तो रोखला पाहिजे, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी लेखी कारणासह तो फेटाळला पाहिजे आणि ते कारण पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवले पाहिजे. दिलगिरीने भागत नाही. बहिष्काराच्या तक्रारीवर पोलिसांनी ‘गावातच मिटवा’ असे सांगणे बंद व्हावे. त्या कायद्याखाली जिल्ह्यात किती तक्रारी आल्या, किती गुन्हे दाखल झाले आणि किती खटले उभे राहिले, हे पोलीस अधीक्षकांनी दर तिमाहीला जाहीर करावे. जमाव जमवणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले असतील, तर त्या खटल्यांचे पुढे काय झाले हेही लोकांना कळू द्या.

तालमींकडे आमचे मागणे वेगळे आहे, कारण हे शहर पोलिसांपेक्षा तालमींचे अधिक ऐकते. डॉल्बी किती लावायचा यावर बैठका होतात, तशी प्रत्येक पेठेत एक बैठक यावर व्हावी की अफवा उठली तर पहिल्या तासात कुणी कुणाच्या दारात जाऊन उभे राहायचे. नावे ठरलेली असावीत आणि ती दोन्ही वस्त्यांना माहीत असावीत. ज्या तालमीत पंजा आणि गणपती एकत्र बसतात, तिथल्या जुन्या माणसांनी नव्या पोरांना ते कसे सुरू झाले हे बसवून सांगावे; मोबाईलवर येणारा इतिहास वेगळाच असतो आणि तो जोरात येतो.

आणि दसरा चौकातल्या बोर्डिंगच्या विश्वस्तांना एक सांगणे. 1896 चे सर्वांचे वसतिगृह फसले, कारण तेव्हा बहुजनांची मुले दारापर्यंत पोचत नव्हती. आज ती पोचली आहेत. येत्या शैक्षणिक वर्षापासून प्रत्येक बोर्डिंगने आपल्या काही खोल्या दुसऱ्या जाती-धर्माच्या गरीब मुलांसाठी ठेवाव्यात: मराठा बोर्डिंगने मुस्लिम मुलांसाठी, मुस्लिम बोर्डिंगने दलित मुलांसाठी, जैन आणि लिंगायत बोर्डिंगने भटक्या-विमुक्तांसाठी. जिथे हे आधीपासून होते, तिथे ते वाढवावे आणि उघडपणे सांगावे. त्यासाठी संस्थेची घटना बदलावी लागत असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करावा. प्रवेशाचे अर्ज जूनमध्ये निघतात, आणि 26 जूनला महाराजांची जयंती असते. हार घालायला येणाऱ्या प्रत्येक विश्वस्ताला, आमदाराला आणि मंत्र्याला यंदा आम्ही एवढेच विचारणार आहोत की खोल्या किती उघडल्या.